न वाजलेला भोंगा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. ज्यांना सांगायला हवं त्यांच्याकडे तीनदा निघालो होतो. एकदा तर गाडी पार त्यांच्या वाडीच्या पाखाडीच्या पायऱ्यांपर्यंत नेली — आणि वळवली. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणूनच कदाचित जमेल. मधेच भलतीकडे गेलो तर सांभाळून घ्या. या गोष्टीच्या जवळ आलो की माझं असंच होतं, जीभ दुसरंच काहीतरी बोलायला लागते.

मी चिपळूणला राहतो. कोंबड्यांच्या बंद शेडमध्ये कंट्रोलर बसवण्याचं, त्यांचं वायरिंग करण्याचं काम करतो. बंद शेड म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही — की मी आत्ताच टाळाटाळ करतोय? असेन. तरी सांगतो. लांबलचक शेड, खिडकी एक नाही. एका टोकाला माणसाच्या उंचीचे पंखे, दुसऱ्या टोकाला पाण्यानं भिजत राहणारे पुठ्ठ्यासारखे जाड पॅड. पंखे हवा बाहेर ओढतात, ओल्या पॅडमधून गार हवा आत येते. बाहेर कातळ तापून चपलेतून पाय भाजत असले तरी आत कोंबडी निवांत दाणे टिपत असते. किती पंखे लावायचे, पाणी कधी सोडायचं, हे भिंतीवरचा एक डबा ठरवतो. तो कंट्रोलर. छताला टांगलेले सेन्सर त्याला क्षणाक्षणाचं तापमान सांगत असतात.

आणि पंखे थांबले तर? हजारो जिवांच्या अंगची ऊब आणि कोंडलेली हवा. मे महिन्यात अर्धा तास पुरतो. म्हणून भोंगा. बॅटरीवर चालणारा, शेडच्या बाहेर उंच लावलेला. कंट्रोलरची वीज तुटली की मिनिटाभरात तो बोंबलायला लागतो, माणूस असेल तिथून धावत येतो. बॅटरी संपू नये म्हणून भोंगा पाव तासानं आपोआप थांबतो. दोन तारा असतात त्याला. फक्त दोन.

शेड रशीदभाईंची होती. बरीच वर्षं कुवेतला काढून परत आलेले, खेडजवळच्या आपल्या कातळावर त्यांनी ही एकच शेड उभी केली होती. शांत माणूस. शेडवर राखणीला सुभाषदादा आणि त्यांची बायको, शेवंतीवहिनी. दोघं शेडपासून उतारावर शंभरेक पावलांवरच्या खोलीत राहायची. सुभाषदादा साठीच्या आसपासचे. मुंबईत गोदामावर पहारेकरी होते, पुढे गावी आले. मी वायरिंग करत होतो तेव्हा दिवसभर माझ्या मागे असायचे, प्रत्येक तार कशाची ते विचारायचे. एकदा सगळे पंखे सुरू करून बघत होतो, तर म्हणाले, "तिसरा घासतोय रे." मला काही ऐकू येईना. उघडून पाहिलं — पट्टा खरंच एका बाजूला सरकलेला. असे कान होते त्यांचे. हे मला माहीत होतं. लक्षात ठेवा, हे मला माहीत होतं.

चार दिवसांचं काम. पॅनलमध्ये हात घालायचा तर वीज बंद करावी लागते, आणि वीज बंद केली की भोंगा सुरू. शेवटच्या दिवशी मी वैतागलो. भोंग्याची एक तार टर्मिनलमधून काढली, टोकाला पिवळी टेप गुंडाळली आणि मागे दडपली. यात गैर काही नाही, सगळेच करतात. काम संपलं की परत लावायची.

त्या दिवशी संध्याकाळी चिपळूणच्या शोरूममध्ये माझी नवी मोटरसायकल मिळणार होती. बायको हार घेऊन परस्पर तिकडे येणार होती. दुपारपासून माझं अर्धं चित्त तिकडेच. चारच्या सुमाराला पॅनलचं झाकण लावलं. तपासणीचा कागद काढला — सेन्सर, पंखे, पंप, आणि सगळ्यात खाली भोंगा. चारी ठिकाणी खूण केली, सही केली, कागद रशीदभाईंच्या हातात दिला. "एकदा वाजवून दाखव की," ते म्हणाले. मी म्हणालो, "इतके दिवस तोच तर ऐकताय." ते हसले.

तार विसरलो होतो, हे खरं. पण भोंगा तपासलेला नाही, हे मी विसरलो नव्हतो. खूण करताना ते मला स्वच्छ ठाऊक होतं. या दोन गोष्टींत मी पुढे किती वेळा मनातल्या मनात गोंधळ घालून घेतला, काय सांगू?

पिल्लं आली, वाढली. गावची वीज अधूनमधून जायची, पण जनरेटर आपोआप सुरू व्हायचा, त्यामुळे भोंग्याची पाळीच आली नाही. मग मे महिन्यातली एक दुपार. पॅडच्या पंपाच्या मोटरीत पाणी शिरलं आणि शेडचा मुख्य ब्रेकर पडला. गावात वीज होती, म्हणून जनरेटर हलला नाही. सुभाषदादांच्या खोलीतला पंखा चालूच होता, कारण खोलीची लाईन वेगळी. जेवून ते जरा आडवे झाले होते. दुपारी दोन तास खोलीवर जायला रशीदभाईंनीच त्यांना सांगितलं होतं — भोंगा आहे ना, वाजला की ये.

मला फोन आला तेव्हा तीन वाजून गेले होते. रशीदभाई एवढंच म्हणाले, "दीपक, सगळी गेली रे. ये."

परशुराम घाट चढताना मला तार आठवली. एखादी गोष्ट आठवते तशी नाही — दिसलीच, पिवळ्या टेपेसकट. गाडी बाजूला घेतली. तिथूनच फोन करता आला असता. रशीदभाई, चूक माझी आहे, एवढे चार शब्द. घाटात रेंज होती. केला नाही. उलट गाडी आधीपेक्षा जोरात काढली — का, ते तुम्हाला कळलंच असेल. मला कुणाच्याही आधी त्या पॅनलपाशी पोचायचं होतं.

शेडच्या तोंडाशी गावातली चार माणसं टोपल्यांनी मेलेल्या कोंबड्या बाहेर काढत होती. आतून एक दमट, कोंदट वास येत होता. ब्रेकर रशीदभाईंनी परत चढवला होता, पंखे फिरत होते, रिकामेच. सुभाषदादा आत गुडघ्यांवर बसून एकेक कोंबडी उचलून कानाशी धरत होते. धुगधुगी असली तर चोच पाण्यात बुडवून तिला काजूच्या सावलीत नेऊन ठेवत. त्यांनी मला पाहिलं आणि म्हणाले, "बघ रे काय झालं ता."

मी पॅनलच्या खोलीत गेलो. एकटाच. दार लोटून घेतलं. झाकण उघडलं, टेप काढली, तार टर्मिनलमध्ये सरकवली, स्क्रू आवळला. चांगल्या कारागिरासारखं नीट काम केलं. टेपेची गोळी करून खिशात टाकली.

मग रशीदभाईंना हाक मारली आणि ब्रेकर पाडून दाखवला. मिनिटभर थांबलो. भोंगा सुरू झाला — त्या कातळावर एवढा मोठा की टोपली घेतलेली माणसं जागच्या जागी उभी राहिली.

"भोंगा तर ठीक आहे," मी म्हणालो.

सगळे सुभाषदादांकडे बघायला लागले. ते शेडच्या दारात उभे होते, हातात एक कोंबडी. भोंगा बंद झाल्यावर हळूच म्हणाले, "वाजला आसंल. मी नाय आयकला."

"मी पन नाय आयकला," शेवंतीवहिनी म्हणाल्या. "पडवीत भांडी घासत होते मी. मी कुठं झोपले होते?"

रशीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मी गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. मी म्हणालो, "वारा उलटा असेल. आणि वहिनी, भांड्यांचा आवाज असतोच ना."

पाव तास भोंगा वाजला असता तर रस्त्यापलीकडच्या वाडीला ऐकू गेला असता. बॅटरी उतरलेली दिसली असती. यातलं एक जरी कुणी विचारलं असतं! मी वाट बघत होतो त्या प्रश्नाची, घाबरून. कुणी विचारला नाही. मी विजेचा जाणकार, मी सांगितलं, ते झालं.

रशीदभाई ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुभाषदादांना इतकंच सांगितलं की आता राहू दे. मी तेव्हा पंप दुरुस्त करायला तिथे होतो, म्हणून मला दिसलं. टेम्पोत भांडी, गाद्या, एक पंखा. बाबासाहेबांचा फोटो वहिनींनी आपल्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतला होता. वाडीत तोवर पसरलं होतं — सुभाष झोपला आणि रशीदची शेड गेली.

इथं थांबलो असतो तर कदाचित मीही हे पचवलं असतं. पण पावसाळा संपताना सुभाषदादांचा फोन आला. माझ्यावर राग नाहीच. म्हणाले, "तू चिपळुनात आसतोस. कानाचा डाक्टर माहीत हाय काय?"

मी त्यांना घेऊन गेलो. सोबत वहिनी. डॉक्टरांनी कानांवर हेडफोन लावले, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. काचेपलीकडे सुभाषदादा डोळे मिटून बसलेले, बटणावर बोट. परीक्षेला बसल्यासारखे. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं उत्तम आहे, डाव्या कानाला बारीक आवाज थोडा कमी येतो, एवढंच.

आणि ते हसले हो! बाहेर येऊन माझा हात धरून म्हणाले, "हाय ना कमी? तरी मी म्हनतोय. मी झोपलो नव्हतो, दीपक. कानच गेला." चार महिने या माणसानं स्वतःला एकच प्रश्न विचारला होता, आणि आता त्याला उत्तर मिळालं होतं. बहिरा असणं त्याला बरं वाटत होतं, कारण मग तो निष्काळजी ठरत नव्हता.

आता तरी बोलायचं. दवाखान्याच्या पायरीवर, दोघंच होतो, वहिनी औषधाच्या दुकानात. मी काय म्हणालो, ठाऊक आहे? "हो दादा, भोंग्याचा आवाज बारीकच असतो."

वहिनी परत आल्या. त्यांनी आमच्या दोघांकडे पाहिलं, नवऱ्याचं म्हणणं ऐकून घेतलं. मग मला विचारलं, "आनि माझे? माझे पन कान गेले काय रे?" त्या रागावल्या नव्हत्या. सरळ विचारत होत्या. मी गाडीची किल्ली शोधायला लागलो. किल्ली हातातच होती.

त्यानंतर सुभाषदादांनी राखणीचं काम घेतलं नाही. एका बागायतदारानं बोलावलं होतं, तर म्हणाले, माझ्यावर कसली भिस्त ठेवता. सकाळी गवत कापायला जातात. नातीला सोबत घेऊन रस्ता ओलांडत नाहीत, गाडीचा आवाज आला नाही तर काय, म्हणतात. डाव्या कानात स्वतः हट्टानं घेतलेलं यंत्र घालतात. शेवंतीवहिनी मला भेटत नाहीत, म्हणजे मीच तशी वेळ येऊ देत नाही.

गेल्या महिन्यात खेडच्या एस.टी. स्टँडवर गाठ पडली. मी पाहिलं नसल्यासारखं करून चाललो होतो, पण त्यांनीच लांबून हाक मारली. सोबत त्यांच्या वाडीतले एक गृहस्थ होते. सुभाषदादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना म्हणाले, "ह्यो दीपक. ह्यानंच माझा कान दाखवला. घरचं कोन नाय आला, ह्यो आला. लय भला मानूस."

ते गृहस्थ माझ्याकडे कौतुकानं बघत होते. सुभाषदादांनी टपरीवर तीन चहा सांगितले. ग्लास गरम होता, म्हणून त्यांनी स्वतःच्या रुमालात धरून माझ्या हातात दिला.

मी तो घेतला. चहा प्यायलो. चांगला झालाय म्हणालो.