वसुबारसेचं फाटक

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वासरांचं दूध तोडण्याचा पाचवा दिवस. सकाळी कुंपणाच्या तारा ओढून पाहिल्या आणि अकरा वासरांना सुकं गवत टाकलं.

पद्धत सोपी आहे. वासरं ओळखीच्या कुरणात ठेवायची, आया कुंपणापलीकडे. हुंगता येतं, चाटता येतं, फक्त पिता येत नाही. आठवडाभरात हंबरणं थांबतं. एकदम दूर नेलं तर वासरं खाणं टाकतात, आजारी पडतात. मला काळजी होती ती तांबड्या कालवडीची. उन्हाळ्यात तिला न्यूमोनिया झाला होता. छाती अजून कच्ची आहे, ताण नको, असं जनावरांच्या डॉक्टरने बजावलं होतं. त्या सकाळी ती निवांत रवंथ करत बसली होती.

त्या दिवशी वसुबारस. नवऱ्याने ईडन प्रेरी या जवळच्या अमेरिकन उपनगरातल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर परस्पर आमंत्रण टाकलं होतं: गाय-वासराच्या पूजेला या. आमची जनावरं मांसासाठी पाळलेली आहेत, नर वासरं वाढली की खाटकाकडे जातात, हे त्याने ग्रुपवर कधी लिहिलं नाही. मीही नाही.

दुपारी चार गाड्या आल्या. सगळ्यांत वडील एक काकू, निवृत्त डॉक्टर. मी चहा पुढे केला.

“कोरा दे गं. आजचं दूध वासराचं.” मग त्यांना कुंपण दिसलं. “पूजा जोडीची असते. मध्ये तार कशाला?”

“दूध तोडतेय, काकू. तारेवरून ओवाळा. दोघंही शेजारीच आहेत.”

“आई असून बघवतं तुला?”

“माझी मुलगी तीन महिन्यांची असताना डे-केअरला सोडली, तेव्हा ‘होईल सवय’ तुम्हीच म्हणाला होतात.”

बायका हसल्या. काकू नाही.

मी निरांजनासाठी काडेपेटी आणायला घरात गेले. परत येताना नवऱ्याचा आवाज ऐकू आला, “पाचच मिनिटं, यार, फोटोपुरतं,” आणि फाटकाची कडी वाजली.

अकराही वासरं धावत जाऊन आचळांना भिडली. सगळ्यांचे फोन वर झाले. काकूंनी कालवडीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, डोळे पुसले. “बघ, किती समाधान आहे,” त्या मला म्हणाल्या. अंधार पडायच्या आत सगळे निघून गेले.

मग आम्ही दोघं दीड तास वासरं हाकत होतो. पहिल्या दिवशी ती खाद्याच्या बादलीमागे आपणहून आली होती. आता एकही येईना. पळवावं लागलं. कालवड तारेवर धडकली आणि तोंड उघडून धापा टाकत उभी राहिली. नंतरचं हंबरणं पहिल्या दिवसापेक्षा मोठं होतं.

“मला वाटलं, एकदाच तर,” नवरा म्हणाला.

“त्यांना ‘एकदाच’ कळत नाही. आता पुन्हा पहिल्यापासून.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कालवडीचे कान पडले होते, नाक वाहत होतं. गवताला तोंड लावेना. ताप एकशे पाच. कपाळावर कुंकू तसंच होतं. इंजेक्शन दिलं. आजारी जनावर वेगळं ठेवावं लागतं, म्हणून तिला एकटीला शेडमध्ये नेलं. तिथून आई दिसत नाही, नुसती ऐकू येते. मग फाटकाला साखळी घातली, कुलूप लावलं आणि उरलेल्या दहांना गवत टाकलं.