चाळीस मशीनच्या मॅडम

पोरानं घाईघाईनं माऊसकडे हात नेला की मॅडम आपला तळवा माऊसवर झाकणासारखा ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हात काढ. आधी वाच."

पडद्यावरच्या काळ्या चौकटीत लाल अक्षरांच्या ओळी आलेल्या असायच्या, इंग्रजीत. नायगाव, देगलूर, मुखेडकडून आलेली पोरं लाल अक्षरं दिसली की ती चौकटच बंद करायची आणि मुकाट्यानं पहिल्यापासून सुरुवात करायची. त्यावर मॅडम भडकायच्या. "शिवी न्हाई दिली त्यानं तुला. काय अडलंय ते सांगून राहिलाय. वाच मोठ्यानं." पोरगं अडखळत वाचायचं. तिसऱ्या ओळीपर्यंत त्याचं त्यालाच कळायचं की एक फाईल सापडत नाहीये, एवढंच.

नांदेडच्या बाहेर असलेल्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवायला लागलो, तेव्हा त्या आधीपासून तिथं होत्या. कॉम्प्युटर लॅबच्या सहायक, कंत्राटी. मूळच्या उदगीरच्या, डिप्लोमा झालेल्या. शिकवणाऱ्या बायकांना सगळा स्टाफ मॅडम म्हणायचा आणि यांना 'लॅबच्या बाई'. पोरं मात्र त्यांनाच आधी मॅडम म्हणायची. त्या सतत रागात असायच्या. पंख्यावर, धुळीवर, इंटरनेटवर, चपला घालून आत येणाऱ्यावर, न वाचता 'येस' दाबणाऱ्यावर आणि पुष्कळदा माझ्यावरही. राग फार चढला की ओठातल्या ओठात कन्नडमध्ये आकडे मोजायच्या. आजोळ बिदरकडचं होतं. त्या सातापर्यंत पोचायच्या आत समोरच्यानं निघून जावं, असा आमच्या विभागात समज होता.

असा माणूस तुमच्याही कामाच्या ठिकाणी असेल. त्याच्या रागावर आपण हसतो, आणि त्याच्यामुळे काय काय सुरळीत चाललंय हे विसरतो.

एका वर्षी मोबाईल ॲप बनवण्याचा विषय अभ्यासक्रमात आला. मला तो शिकवायचा होता आणि लॅबमध्ये त्याचं काहीच नव्हतं. लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला कळेल असा करून देणारा कंपायलर हवा होता, कमांड देऊन चालवायची टूल्स हवी होती, आणि कॉलेजचं इंटरनेट असं की सकाळी सुरू केलेलं डाऊनलोड दुपारी तुटायचं. मी विभागप्रमुखांना एक अर्ज दिला आणि माझं काम संपलं असं समजून गप्प बसलो. मॅडमनी शनिवारी लातूरची एसटी पकडली. तिथं बहिणीच्या घरी चांगलं इंटरनेट होतं. सोमवारी त्या परत आल्या तेव्हा टॉवेलात गुंडाळलेली हार्डडिस्क त्यांच्या पिशवीत होती आणि आल्या आल्या त्यांनी मला ऐकवलं, की अर्जानं सॉफ्टवेअर उतरत नसतं, सर.

मग इन्स्टॉल सुरू झालं आणि प्रत्येक मशीनवर अर्ध्यात अडायला लागलं. मी म्हणालो, फाईलच खराब असेल. मॅडम दोन दिवस त्या लाल ओळी वाचत बसल्या. शेवटी सापडलं ते असं: मशीन बसवणाऱ्यानं प्रत्येक मशीनवर कॉलेजचं लांबलचक नाव युजर म्हणून टाकलं होतं, मध्ये मोकळ्या जागा सोडून. त्या मोकळ्या जागेपाशी टूल्सची वाट तुटत होती. संस्थेच्या नावाचाच एवढा सोस, की त्या नावानंच काम बंद पाडलं होतं. मॅडम त्या दिवशी सातापर्यंत पोचल्या आणि पुढेही गेल्या. मग त्यांनी एकेका मशीनवर छोट्या नावाचा नवा युजर केला, सगळं पुसून पुन्हा टाकलं, कंपायलर कुठं ठेवलाय ते मशीनला सांगणारा पाथ लिहिला, आणि कमांड देऊन प्रत्येक ठिकाणी उत्तर येतंय का ते पाहिलं. अशी साठातली चाळीस मशीन. उरलेली वीस इतकी जुनी होती की त्यांना ती टूल्स पेलतच नव्हती.

नायगावची एक मुलगी आईचा तडा गेलेला फोन घेऊन आली होती. तिनं केबल लावली, कमांड दिली. फोनवर पांढरा पडदा उघडला आणि त्यावर तिच्या गावाचं नाव मराठीत आलं. बस, तेवढंच ॲप. ती मुलगी फोनकडे बघत राहिली. मॅडम तिच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी तिच्या वेणीतून सुटलेली रिबीन नीट बांधून दिली आणि पुढच्या मशीनकडे गेल्या.

मग कॉलेजला मान्यता देणाऱ्या समितीची तपासणी आली.

विभागप्रमुखांनी आम्हा दोघांना बोलावलं. कागद तयार होता: साठही संगणकांवर मोबाईल ॲपची टूल्स कार्यान्वित आहेत. खाली लॅब सहायकाची सही. उरलेल्या विसांवर काय करायचं तेही त्यांनी सांगितलं. पडद्यावर टूल्सची नुसती चित्रं ठेवून द्या, उघडून कोण बघतंय.

"चाळीस लिहा सर, मी आत्ता सही करते," मॅडम म्हणाल्या.

विभागप्रमुखांनी आकडा वरून आला आहे असं समजावलं, मग कॉलेजची मान्यता, मुलांचं भविष्य वगैरे सांगितलं. मॅडमनी पेन टेबलावर ठेवलं. आवाज चढवला नाही, आकडे मोजले नाहीत. मी त्यांना इतकं शांत कधीच पाहिलं नव्हतं. विभागप्रमुखांनी कागद माझ्याकडे सरकवला, 'विषय शिक्षक' अशी एक ओळ हातानं लिहिली, आणि मी सही केली.

व्हरांड्यात मॅडम थांबल्या. "सर, ती वीस मशीन तुम्ही माझ्यासोबत बघितली होती ना?" मी हो म्हणालो. त्या लॅबकडे वळल्या.

तपासणीच्या दिवशी त्यांना रजा घ्यायला सांगितलं गेलं. समितीनं दारातूनच लॅब बघितली, खोली स्वच्छ आहे असं म्हटलं आणि चहाला गेली. कुणी एका मशीनलासुद्धा हात लावला नाही. चाळीस म्हटलं असतं तरी तेच झालं असतं. या गोष्टीचा मला आजही संताप येतो. खोटं बोलण्याची गरजसुद्धा नव्हती, आणि आम्ही बोललो, आणि एक माणूस घालवला.

महिन्याभरात त्यांचं कंत्राट संपलं आणि ते वाढवलं नाही. कारण लिहिलं: स्वभाव तापट, सहकाऱ्यांशी जुळवून घेत नाहीत. त्या सहकाऱ्यांत माझंही नाव होतं. मला कुणी विचारलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, मीही कुठं जाऊन बोललो नव्हतो. जाताना त्यांनी प्रत्येक मशीनची दुखणी लिहिलेली वही ऑफिसात जमा केली. ती रद्दीत गेली.

पुढच्या सत्रात, तोंडावर प्रात्यक्षिक परीक्षा असताना, लॅबच्या नव्या कंत्राटदाराच्या माणसानं चाळीसही मशीनवर नवा कंपायलर टाकला. जुन्या टूल्सशी त्याचं जमेना. एकाही पोराचा प्रोजेक्ट चालेना. मी लाल ओळी वाचल्या, पण काही कळलं नाही. विभागप्रमुख म्हणाले, त्या बाईंना फोन लावून बघा.

शनिवारी सकाळी लावला. त्यांनी उचलला. मी माफी मागायला सुरुवात केली, त्यांनी मध्येच तोडलं.

"ते राहू द्या. पोरांची परीक्षा कधी हाय?"

"सोमवारी."

"मग मशीनसमोर बसा."

त्यांनी एक कमांड सांगितली, आलेली ओळ मला वाचायला लावली. जुना कंपायलर त्यांनी प्रत्येक मशीनवर वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवला होता. नव्यानं टाकणाऱ्याला तो दिसलाच नव्हता. पाथ पुन्हा तिकडे वळवायचा होता. चुकत चुकत पहिलं मशीन चालू झालं. मला राहवलं नाही. म्हणालो, "मॅडम, तुम्ही अजून रागात आहात."

"हाव. लई हाय, आणि जाणार न्हाई तो," त्या म्हणाल्या. "दुसरं मशीन घ्या."

तिसऱ्या मशीननंतर, आता तुमचं तुम्हाला जमंल, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी एकटाच एकेक मशीन करत गेलो. चार वाजता चाळिसावं चालू झालं. आनंदानं त्यांना सांगायला फोन लावला. पूर्ण वाजला. परत लावला, परत वाजला. रविवारीही लावला.

पोरांसाठी जेवढं बोलायचं तेवढं त्या बोलल्या होत्या. माझ्याशी त्यांचं काही बोलणं नव्हतं.