कॅप्टनला परत परीक्षेला बसायचंय

राग आला की मला झोप येते. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. बाकीच्या बायका भांडी आपटतात, मी फरशीवर चटई टाकून तोंड भिंतीकडे करते.

आजचा राग पोरीवरचा आहे. नंदू, म्हणजे माझी राजनंदिनी, माडीवर दार लावून बसलीय. जेवली नाही. जेवू नको म्हणावं. उद्या चौकात तिचा सत्कार आहे, तिचे पप्पा आमदारांना आमंत्रण द्यायला गेलेत, आणि ही म्हणते मला सत्कार नको. एनडीएची लेखी परीक्षा झाली, मुलाखतीत शिफारस झाली. मेडिकलला कानात मळ निघाला म्हणून परत बोलावलं, तेही निभावलं. आता शेवटची गुणवत्ता यादी तेवढी राहिलीय. तिच्यात नाव आलं की रुजू व्हायचं पत्र. आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत आहे, पण मुलगी आणि तीही अधिकारी, असं कधी झालं नव्हतं. सरपंचांनी फ्लेक्ससुद्धा छापून आणलाय, 'लेफ्टनंट राजनंदिनी'. 'भावी' लिहायला जागा पुरली नाही म्हणे.

"आई, शिफारस म्हणजे साखरपुडा," सकाळी ही म्हणाली. "लग्न नव्हे. शिफारस झालेल्या सगळ्यांना घेत नाहीत, जागा भरल्या की यादी संपते. मी पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरून ठेवते. परवा शेवटची तारीख आहे."

शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला लागली आग! निवड झालेल्या पोरीनं परत फॉर्म भरायचा? गाव काय म्हणेल? मी तसं म्हणाले, तर ही हळूच म्हणाली, "जयसिंगमामाचं विसरलीस?"

तिथं माझं डोकं फिरलं. त्याचं नाव काढायचं नाही म्हणून ओरडले. आणि आता पडलेय.

पंखा फिरतोय. फरशी गार आहे. बाहेर कुणीतरी शेवया वाळत घालतंय, त्यांचा पिठूळ वास येतोय. डोळे मिटतात, उघडतात, परत मिटतात. स्वयंपाकघरात कुणीतरी साखरेचा डबा उघडतंय. नंदू आली असेल भुकेनं. येऊ दे.

"शाले, साखर संपलीय बघ."

हा आवाज नंदूचा नाही.

जयसिंगदादा दारात उभा आहे. माझा थोरला भाऊ. गेल्या दिवाळीनंतर गेला, छातीत कळ येऊन. अंगात कारखान्याचा खाकी शर्ट, खिशाला पेन. जन्मभर त्यानं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी केली.

"झोपलीस व्हय?"

"नाही, बस ना. चहा टाकू?" मी म्हणते, आणि मनात येतं, गेलेल्या माणसाला चहा विचारावा का? कुणाला विचारणार आता.

"टाक. गूळ घाल. साखर लई मोजली आयुष्यभर."

मी उठते. स्वयंपाकघरात ओटा नाही. तिथं वजनकाटा आहे, दादाची काचेची खोली आहे, आणि उसानं भरलेल्या ट्रॉल्यांची रांग थेट आमच्या परसदारापर्यंत आलीय. मला याचं काहीच नवल वाटत नाही. एवढ्या ट्रॉल्यांना चहा कुठून पुरवायचा, एवढंच वाटतं.

काट्यावर ट्रॉली उभी आहे. उसाच्या मोळ्यांवर नंदू बसलीय, मांडीवर गणिताचं पुस्तक.

"दादा, वजन झालं ना तिचं? पावती दे, गाव थांबलंय."

"कशाची पावती?"

"निवडीची."

दादा हसतो. त्याचे ते मोठे दात. "कारखान्याच्या गावात राहतीस आणि असं बोलतीस? हे भरल्या गाडीचं वजन. ती आत जाईल, रिकामी होईल, परत काट्यावर येईल. मग पावती. मधल्या वेळात शेतकरी पैसे मागाया लागला तर मी काय म्हणायचो?"

"काय?"

"म्हणायचो, पाव्हणं, बिडी ओढा जरा."

मला हसू येतं आणि रागही येतो. "तुझं झालं तसं तिचंही होईल, असंच म्हणतोस ना? अरे, अपशकुनी बोलू नकोस पोरीबद्दल!"

"मी कुठं म्हणालो? होईल तिचं. झालं पायजे. पोरगी माझ्यापेक्षा हुशार हाय. पण व्हायच्या आधी झालं म्हणू नका, एवढंच."

"गाव कौतुक करतंय रे. कौतुकानं कुणाचं काय वाईट होतं?"

तो काचेवर बोटानं रेघ ओढत बसतो. रांगेतल्या ट्रॉल्या हॉर्न वाजवतात, आणि ते हॉर्न नाहीत, बँड आहे. आमच्या लहानपणीचा बँड, एकच गाणं येणारा. मी परकर-पोलक्यात आहे. पायात चप्पल नाही आणि रस्ता तापलाय.

ट्रॉलीवर ऊस नाही आता. लाकडी खुर्चीवर दादा बसलाय, मिसरूड फुटलेला, गळ्यात इतके हार की हनुवटी दिसत नाही. ही तीच मिरवणूक. त्याचीही अशीच शिफारस झाली होती, मेडिकल झालं होतं, आणि गावानं यादीची वाट न बघता गुलाल उधळला होता. आई दारात आरती घेऊन उभी आहे. लोक ओरडतात, "कॅप्टन साहेब की जय!"

पुढं यादी लागली आणि तिच्यात त्याचं नाव नव्हतं. कॅप्टन हे नाव मात्र राहिलं. किराणावाला कॅप्टन म्हणायचा, पोरं कॅप्टन म्हणायची. लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा 'कॅप्टन' छापलं गेलं, तेव्हा वहिनीच्या वडिलांना बसवून खरं सांगावं लागलं. दादाही हसून सॅल्यूट ठोकायचा. मला वाटायचं, आवडतं याला.

मी ट्रॉलीच्या बाजूनं पळते. "दादा, आवडायचं ना रे तुला? कॅप्टन म्हटलेलं?"

"पयल्या दिवशी लई आवडलं," तो वरून म्हणतो. "खोटं कशाला सांगू."

"आणि मग?"

"मग काय. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर पण कॅप्टनच! आता तिकडं विचारत्यात, कुठली पलटण. काय सांगू? वजनकाटा?"

मी हसते. तो हसत नाही. हारांच्या आडून बघतोय माझ्याकडं आणि त्याचे डोळे भरलेत. मी त्याला असं कधीच पाहिलेलं नाही. मरेपर्यंत नाही.

"शाले, घेतलं न्हाई त्याचं दुःख नव्हतं गं. कितीतरी पोरांना घेत न्हाईत. पण माझी अजून एक खेप शिल्लक होती."

"कसली खेप?"

"परीक्षेची. वय बसत होतं माझं. तालुक्याला जाऊन नुसता फॉर्म आणायचा होता." तो हार काढायला बघतो, एक काढला की दुसरा पडतो गळ्यात. "पण कॅप्टन फॉर्म आणायला कसा जाईल? एसटीत समदं गाव असतंय. कंडक्टर विचारणार, काय कॅप्टन, कुठं? आई म्हणायची, पत्र येईल, डाकेत अडकलं असंल. परत बसतो म्हटलं तर रडायची. म्हणायची, गावाला काय तोंड दाखवू? मग वय निघून गेलं."

बँड वाजतोय. मला त्या बँडवाल्याच्या तोंडात माती घालावीशी वाटते.

"तू बोलला का नाहीस?"

"कुणाला? 'न्हाई झालं' असं कुणी मला म्हणूच दिलं न्हाई. तुमी समदे इतकं हसून बघायचा माझ्याकडं." तो खुर्चीच्या कडेला येतो. "उतरव मला, शाले. परवा शेवटची तारीख हाय."

ट्रॉली थांबत नाही. मी चाकावर पाय देते, घसरते, परत देते. गुलालानं काही दिसत नाही. आई ओरडते, "शालन, खाली हो, दृष्ट लागेल!" माझ्या हाताला त्याचं मनगट लागतं. मी ते घट्ट धरते.

"दादा, उतर खाली! नाही झालं तुझं. ऐकतोस ना? नाही झालं, तर नाही झालं! परत बस. कोण हसतंय बघते मी. चल, मी येते तुझ्याबरोबर एसटीत, परत बस तू!"

तो हुंदका देतो, अगदी लहान पोरासारखा. आणि उडी मारतो. हार वरच राहतात, खुर्चीवर ढीग होऊन. त्याचं मनगट माझ्या मुठीत आहे, गरम आहे, नाडी उडतेय त्याची. बँड लांब जातो. पंख्याचा आवाज येतो. फरशी गार लागते.

मनगट अजून माझ्या मुठीत आहे.

नंदूचं आहे ते. ती चटईजवळ उकिडवी बसलीय, चेहरा रडून सुजलेला. मी मूठ सोडते.

"तू ओरडत होतीस," ती म्हणते. "मी उठवायला आले, तर हातच धरलास. सोडेनास."

"मग ओढून घ्यायचा."

"नाही घेतला." ती खाली बघते. "आई, 'परत बस' म्हणालीस. 'नाही झालं तर नाही झालं' म्हणालीस. कुणाला?"

"तुझ्या मामाला," मी म्हणते. मग म्हणते, "आणि तुला. भर फॉर्म. आत्ताच्या आत्ता भर, परवाची वाट बघू नकोस."

"आणि उद्याचं?"

"उद्याचं मी बघते. पप्पांना फोन लावते, म्हणावं आमदारांच्या दारातून मागं फिरा. सरपंचांना माझं तोंड माहीत आहे."

"चिडतील सगळे."

"चिडू देत की. माझ्याइतकं तर चिडणार नाहीत!"

ती हसते. मग हसू जातं. "यादीत नाव नाही आलं तर?"

शुभ काहीतरी बोलावं, देवाचं नाव घ्यावं, असं तोंडावर येतं. गिळते.

"तर नाही आलं म्हणू. मी म्हणेन आधी, मोठ्यानं, चौकात उभी राहून. मग दोघी रडू पोटभर. आणि आलं तर असा बँड लावीन की तुला लाज वाटेल."

पोरगी माझ्या मांडीवर डोकं टाकते आणि जी रडायला लागते ती थांबत नाही. कधीची दाबून बसली होती कोण जाणे. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहते आणि मीही रडते. दादासाठी रडते, तो गेला तेव्हा रडले नव्हते एवढी.

बऱ्याच वेळानं ती उठून बसते. नाक पुसते. तिच्या मनगटावर माझ्या बोटांचे वळ उठलेत, लालभडक, अंगठ्याचा तर नखासकट. अगं बाई, किती जोरात धरलं मी! खोबरेल आणून चोळते म्हणून मी उठायला लागते.

"राहू दे, आई," ती म्हणते, आणि त्याच हातानं फोन घेऊन फॉर्म भरायला बसते.