बाटलीवरचं कडं

निमोण्याच्या ललिता ओव्हाळला शिरूर तालुक्यात अजून काही लोक ‘दगा देणारी’ म्हणतात. आता ती दौंडात पोलीस शिपाई आहे, म्हणून तोंडावर कोणी म्हणत नाही, पाठीमागे म्हणतात. दोन हजार दोन साली शिरूर-दौंड सायकल शर्यतीत ती पडलेल्या कॅप्टनला मागे टाकून पुढे निघून गेली, हा तिचा गुन्हा. तो तिने केला, यात खोटं काही नाही. पण लोक गोष्ट नेहमी आपल्या सोयीच्या जागेपासून सांगायला घेतात.

शिरूरचा मुलींचा संघ चौघींचा होता. कॅप्टन तेजश्री ही हौसरावांची, म्हणजे सगळ्यांच्या आप्पांची, लेक. हौसराव बागायतदार, सोसायटीचे चेअरमन; संघाची जीप त्यांची आणि सायकलीही त्यांनीच आणलेल्या, त्यामुळे कॅप्टन कोण हा प्रश्न कधी निघालाच नाही. ललिता बौद्धवस्तीतली, बाप पोपट कारखान्यात रोजंदारीवर. तिचं काम एकच. आपण पुढे राहून वारा खायचा, म्हणजे समोरचं वारं अंगावर घ्यायचं, तेजश्रीने तिच्या मागच्या चाकाला चिकटून दम राखायचा आणि शेवटी सुटून जिंकायचं. सायकलच्या खेळात हे असंच चालतं, आणि ललिताची त्याबद्दल तक्रार नव्हती.

तिला खुपायचं ते वेगळंच. मदत करणारीने दोन बाटल्या न्यायच्या, एक आपल्याला आणि एक कॅप्टनला, असा महेंद्र सरांचा नियम. सर संघाचे शिक्षक. संघाच्या सगळ्या बाटल्या सारख्याच, पण ललिताच्या दोन्ही बाटल्यांवर सरांनी जुन्या ट्यूबमधून कापलेलं काळं कडं चढवलं होतं. ‘अदलाबदल नको व्हायला’ म्हणाले. बाकी तिघींच्या बाटल्यांची अदलाबदल झालेली मात्र चालत होती. सर सुधारलेले होते, जातीचं नाव त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. त्यांचं कड्यावर भागत होतं. म्हणजे कॅप्टनसाठीची बाटली ललिताने सबंध रस्ता वाहायची आणि भरलेलीच परत आणायची. ते पाणी तिची आई सुरेखा दारातल्या जास्वंदीला ओतायची.

त्या शर्यतीतल्या पहिल्या तिघी राज्याच्या स्पर्धेत जाणार होत्या. तिथे उतरलं की पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर हक्क सांगता येत होता. तेजश्रीला भरतीची गरज नव्हती. ललिताला होती, पण तिचं काम तेजश्रीला जिंकवण्याचं होतं, आणि शर्यतीच्या दिवशी ती तेच करत होती.

बाकीच्या दोघी भीमेच्या पुलापाशीच मागे पडल्या. चौफुल्याच्या अलीकडे उसाच्या ट्रॉलीतून पडलेले ऊस रस्त्यावर पसरले होते. तेजश्री मागे कोण येतंय ते वळून बघत होती. तिचं चाक उसावर चढलं आणि ती आडवी झाली. गुडघे सोलवटले, पुढचं चाक वाकलं, आणि तिची बाटली मागून येणाऱ्या ट्रॅक्टरखाली गेली.

जीप आली. सर उतरले. ‘ललिता, तुझं चाक दे तिला.’

ललिताने चाक काढून दिलं. जीपमधलं जुनं, दगडासारखं जड चाक तिच्या वाट्याला आलं. तिच्या चाकाला कोणी कडं लावलं नव्हतं. चाक बाटत नाही.

चौफुल्यावरून वळल्यावर वारं थेट तोंडावर आलं. ललिता मान खाली घालून ओढत राहिली. पुढचा घोळका दिसू लागला, तशी मागून तेजश्रीची हाक आली.

‘लले, पानी. घसा वाळलाय.’

ललिताने मागे न बघता दुसरी बाटली काढून हात मागे धरला. बाटली हातातच राहिली.

‘ती नको. जीपमधली आन.’

‘ताई, जीप लई मागं हाय. आत्ता थांबलो तर घोळका जातोय बघा.’

‘आन म्हन्ले ना. मागनं आप्पा बघत्यात.’

असा हुकूम जगात दुसरीकडे कुठे सुटला नसता. समोर भरलेली बाटली, डोक्यावर ऊन, आणि ही पोरगी वारा अडवणारी एकुलती एक जोडीदारीण पाण्यासाठी माघारी धाडते. ललिताने बाटली परत खोचली आणि पाय थांबवले. जीप जवळ आली.

‘तू मागं कशाला आलीस?’ सर ओरडले.

‘कॅप्टनला पानी पायजे. माझ्यातलं चालत न्हाई.’

सरांनी जीपमधली बाटली काढून दिली. शेजारी हौसराव रस्त्याकडे बघत राहिले.

ललिताने तेजश्रीला गाठलं तेव्हा ती वाऱ्यात एकटीच भेलकांडत होती आणि घोळका पुन्हा लांब गेला होता. बाटली तिच्या हातात देताना ललिताला असा राग आला, जो इतक्या शर्यतींत आला नव्हता.

‘हे घे तुझं पानी,’ ती म्हणाली. ‘आता वारा बी तुझा तूच खा.’

आणि ती गेली. पुढच्या पोरींना वाटलं होतं, शिरूर संपलं. वारा कोणी खायचा यावरून त्या एकमेकींची तोंडं बघत रेंगाळल्या होत्या. जड चाक रेटत ललिता त्यांच्यात घुसली आणि दौंडात तिसरी आली.

तेजश्री बऱ्याच उशिराने पोचली. तिच्या आधी हौसराव पंचांच्या मांडवात पोचले. संघाने तक्रार केली की खेळाडूचं नाव कापलं जाई, हे त्यांना ठाऊक होतं.

‘हिनं कॅप्टनला टाकली. हिचं नाव काढा.’

पुण्याहून आलेल्या पंच बाईंनी ललिताला बोलावलं. ‘खरं आहे?’

‘व्हय मॅडम. टाकली. पण आदी पानी आनून दिलं.’

‘कुठून?’

‘जीपमधनं. तिनं धाडलं मागं.’

बाईंनी सायकलकडे पाहिलं. ‘ही दुसरी बाटली कोणाची?’

‘कॅप्टनची. सरांचा नियम हाय.’

बाईंनी ती उचलून पाहिली. काठोकाठ भरलेली होती. ‘ही असताना मागं कशाला पाठवलं?’ त्यांनी तेजश्रीला विचारलं. तेजश्रीने बापाकडे पाहिलं, बापाने सरांकडे, आणि सरांनी खाली मान घातली. मांडवात गर्दी होती. जे रोज न बोलता चाललं होतं, ते चार लोकांत बोलायची एकाचीही छाती होईना.

‘मॅडम, ती आमची आतली गोष्ट हाय,’ हौसराव म्हणाले.

‘मग तक्रार पण आतच ठेवा,’ म्हणून बाई बाटली ललिताच्या हातात देऊन पुढच्या कामाला लागल्या.

तेजश्रीचे ओठ फुटले होते. जीपमधली बाटली तिने केव्हाच संपवली होती. ती ललिताच्या हातातल्या बाटलीकडे बघत हळूच म्हणाली, ‘थोडं दे ना.’

ललिताने बाटली तोंडाला लावली आणि तळापर्यंत प्यायली. मग तिने कडं काढलं आणि महेंद्र सरांच्या हातात ठेवलं.

‘ठिवा सर,’ ती म्हणाली. ‘आमच्यातली दुसरी पोरगी आली संघात, तर लागंल.’