सरांचा दोन दिवसांचा लिनक्स परिचय

स्वतःचंच खरं करणारी माणसं पुण्यात पैशाला पासरी मिळतील. पण दुसऱ्याचं भलं करण्यासाठी त्याला इतका त्रास देणारा माणूस साऱ्या शहरात एकच असावा, आणि तो नेमका माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. मी एका कॉलेजच्या संगणक विभागात लॅब सांभाळते. किती यंत्रं चालू, किती बंद, कोणती खुर्ची डुगडुगते, ह्या सगळ्याच्या याद्या माझ्याकडे असतात. सर शिकवतात. काय शिकवतात हे वेळापत्रकात दर वर्षी वेगवेगळं छापलेलं असतं. प्रत्यक्षात ते गेली वीस वर्षं लिनक्सच शिकवत आहेत.

लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी प्रणाली. ती फुकट मिळते आणि तिच्या आत काय आहे ते कोणालाही उघडून बघता येतं, बदलता येतं. एवढं मला पाठ आहे, कारण हेच वाक्य सरांना मी रिक्षावाल्याला, बँकेतल्या बाईंना आणि माझ्या भाचीच्या लग्नात नवऱ्या मुलाच्या काकांना, त्यांच्या हातातली जिलबी तशीच राहिलेली असताना, ऐकवताना पाहिलं आहे. त्या लग्नात सरांनी आहेर म्हणून लिनक्स भरलेला पेनड्राइव्ह दिला. वर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी होती: 'आधी आपली माहिती दुसरीकडे हलवा, मगच लावा.' माझ्या बहिणीने घाबरून तो महिनाभर देवघरात ठेवला. विकतच्या प्रणालीचं नाव सर तोंडाने घेत नाहीत. 'ती दुसरी' म्हणतात, आणि तेही अशा सुरात, की नव्या माणसाला त्यांच्या घरात काही भानगड आहे असं वाटावं. एकदा विभागासाठी लॅपटॉप घ्यायला आम्ही बुधवार पेठेत गेलो. 'त्या दुसरीचे पैसे वजा करा, आम्ही ती पुसूनच टाकणार आहोत,' असं सरांनी सांगितल्यावर दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाला, "थाळीतली कोशिंबीर नको म्हटलं म्हणून खाणावळवाला पैसे कमी करतो का? पानात टाका आणि उठा." सर उठले. लॅपटॉप न घेता. मी यादीसकट त्यांच्या मागून.

मोबाइलमध्येही त्यांनी कुठलीशी मुक्त प्रणाली घातली आहे. तेव्हापासून त्यांना फोन करता येतो, पण आलेला फोन वाजत नाही. मी विचारलं, "अहो, मग लोकांनी तुम्हाला गाठायचं कसं?" तर म्हणाले, "ईमेल करावी. फारच घाई असेल तर दोन कराव्यात."

एवढ्या सगळ्याचं सार म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी होणारा त्यांचा लिनक्स परिचय. दोन दिवस, चाळीस मुलं, माझी लॅब. ह्या दोन दिवसांसाठी सर वर्षभर जगतात असं म्हटलं तरी चालेल. मात्र दर वर्षी त्यात काही ना काही निस्तरावं लागायचं, म्हणून गेल्या वर्षी विभागप्रमुखांनी आधीच बजावलं, "ह्या खेपेला घोळ झाला तर हा शेवटचा परिचय." सर म्हणाले, "घोळ झाल्याशिवाय शिकतो कोण?" हे उत्तर त्यांनी दिलं नसतं तर बरं झालं असतं.

गुरुवार-शुक्रवार परिचय, आणि शनिवारी दहा वाजता त्याच लॅबमध्ये त्याच मुलांची ऑनलाइन चाचणी, असं ठरलं होतं. आता, सरांची एक पद्धत आहे. मुलांनी कमांड टाइप करूनच काम केलं पाहिजे, म्हणून ते वर्ग सुरू होण्याआधी सगळे माऊस काढून घेतात. "माऊस हातात असला की मूल विचार करत नाही, बोट दाखवतं," हे त्यांचं शास्त्र. शुक्रवारीही त्यांनी चाळीस माऊस एका कापडी पिशवीत भरले. संध्याकाळी मी यंत्रं मोजली, खुर्च्या मोजल्या, पंखे बंद केले. माऊस मोजले नाहीत. माझ्या यादीत तो रकानाच नव्हता, कारण माऊस घेऊन कोणी घरी जाईल असं मला वाटलं नव्हतं.

शनिवारी पावणेदहाला मुलं बसली आणि एका मुलीने हात वर केला. "मॅम, आज पण माऊस नाहीयेत का? म्हणजे टेस्ट पण तशीच?" सर त्या दिवशी कात्रजच्या पलीकडच्या एका कॉलेजात लिनक्सवर बोलायला गेलेले. मी दोन ईमेल केल्या. मग वारज्याला त्यांच्या घरी फोन लावला. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "आहेत ना. पालकाच्या जुडीखाली निघाले. मला वाटलं, कॉलेजने दिवाळीची भेट लवकर दिली."

वहिनी रिक्षाने पिशवी घेऊन आल्या तेव्हा अकरा वाजायला आले होते. तोवर सात मुलांनी नुसत्या कीबोर्डवर पेपर पुरा केला होता. बाकीची ताटकळत बसली होती, एक-दोघी रडवेल्या झाल्या होत्या. सोमवारी विभागप्रमुखांनी सरांना माझ्यासमोरच विचारलं, "चाळीस माऊस भाजीच्या पिशवीतून परत आले, हे मी प्राचार्यांना कोणत्या शब्दांत सांगू?"

सर म्हणाले, "ते चुकलंच. पण सात जणांनी माऊसशिवाय पेपर सोडवला, हे कोणी नोंदवणार की नाही?"

"नोंदवलं. पुढच्या वर्षीपासून परिचय बंद."

मला बरं वाटलं, हे कबूल करते. यंदा ते दोन दिवस आले तेव्हा लॅब कशी देवळासारखी होती. सगळं जागच्या जागी. दुपारी मी जेवायला निघाले तर खाली गाड्या लावतात तिथल्या कट्ट्यावर सर आपला जुना लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेले, आणि भोवती पहिल्या वर्षाची सात-आठ मुलं उन्हात माना वाकड्या करून पडदा बघत होती. एकजण म्हणाला, "सर, पण हे क्रॅश झालं तर?" सर म्हणाले, "मग दोघं मिळून उघडून बघू. कोणाची परवानगी लागत नाही."

परवानगी माझ्याकडेही नव्हती. तरी मी डबा तसाच हातात धरून मागे फिरले, लॅबचं कुलूप काढलं आणि वरून मुलांना हाक मारली. मुलं धावत आली. सर मागून, लॅपटॉप छातीशी धरून, जिना चढत आले आणि दारातच थांबले.

"मॅडम, चालेल ना?"

वीस वर्षांत ह्या माणसाने कधी कुणाला काही विचारून केलं नव्हतं. मला ते ऐकवेना. मी म्हटलं, "आत या हो. आणि पंखा लावा, पोरं घामाने भिजलीत."