गवतकाकांचे तळवे

बायकोपेक्षा गवताशी जास्त बोलणारा माणूस अशी गवतकाकांची ख्याती होती, आणि बायकोचंही त्यावर दुमत नव्हतं. पुरुषांची व्यावसायिक टेनिस स्पर्धा काका राखत असलेल्या क्लबच्या हिरवळीवर वर्षातून एकच आठवडा चाले. उरलेले एक्कावन्न आठवडे काका त्याच आठवड्याची तयारी करत. कापणी, रोलर, पाणी, पांढऱ्या रेघा. पण खरा मान होता तो त्यांच्या तळव्यांना. सामन्याआधी काका अनवाणी कोर्टभर फिरत आणि गवत कोरडं की ओलं ते सांगत. ओल मोजायचं यंत्र कपाटात धूळ खात पडलं होतं. मुख्य पंच म्हणत, "यंत्राची बॅटरी संपते, काकांचे पाय संपत नाहीत."

आणि पाय तर संपले होते.

दोन महिन्यांपूर्वी कढत चहा पायावर सांडला आणि काका निवांत पेपर वाचत राहिले. बायको किंचाळली, "अहो, पाय भाजला तुमचा!" तेव्हा कुठे त्यांनी खाली पाहिलं. डॉक्टरांनी तळव्याशी सुई धरून विचारलं, "कळतंय?" काका म्हणाले, "टोचा तर आधी." सुई केव्हाच टोचून झाली होती. साखरेनं नसा मेल्या होत्या. यापुढे बुटांशिवाय एक पाऊल टाकायचं नाही, अशी तंबी मिळाली. तेव्हापासून बायको रोज दारात म्हणे, "बूट घाला." काका मुकाट्यानं बूट घालत आणि कोर्टावर पोचले की काढत.

सांगणार कोणाला? झाकली मूठ सव्वा लाखाची. नोकरी जाण्याची भीती होतीच, पण तिच्याहून मोठी भीती दुसरीच होती. गेल्या वर्षी पलीकडच्या कोर्टावर एक खेळाडू ओल्या गवतावर घसरला. त्याचा गुडघा मोडल्याचा आवाज काकांनी कुंपणाच्या अलीकडून ऐकला होता. तो माणूस पुन्हा खेळलाच नाही.

मग काकांनी युक्ती काढली. पँट दुमडायच्या निमित्तानं वाकायचं आणि हाताची पालथी बाजू गवताला लावायची. हाताला अजून कळत होतं. आठवडाभर निभावलं. पण प्रत्येक सामना संपेपर्यंत ते जीव मुठीत धरून बसत. कोणाचा पाय जरा सरकला की बाकावरून अर्धे उठत.

उपांत्य सामन्याच्या मध्यात सर आली. ताडपत्री ओढली गेली, पाऊस थांबल्यावर काढली गेली. गॅलरी खच्चून भरलेली, दोन्ही खेळाडू रॅकेट घेऊन उभे, आणि कोर्टावर एकटे काका. ते एकदा वाकले, पँट दुमडली. दोनदा वाकले. तिसऱ्यांदा वाकताच गॅलरीतून कोणीतरी ओरडलं, "काका, पँट एकदाची कापून टाका!" सगळी गॅलरी हसली. काका ओशाळले. मागच्या रेघेपलीकडचा पट्टा ते ताठ मानेनं, न वाकता चालून आले. पायांना काहीच कळलं नाही.

"काय म्हणता काका?" मुख्य पंचांनी विचारलं.

"कोरडं आहे," काका म्हणाले.

बाकावर येऊन ते बसले. खेळाडूंनी रेघेच्या बरंच पुढे उभं राहून, जागच्या जागी चेंडू मारत सराव केला. थोड्या वेळानं मोजा चढवायला काकांनी डावा पाय मांडीवर घेतला. तळवा चिंब होता. ओल्या गवताची पाती त्याला चिकटून बसली होती. ताडपत्रीच्या शिवणीतून पाणी झिरपलं होतं, नेमकं मागच्या रेघेपाशी. आणि त्याच रेघेपाशी डावखुरा खेळाडू चेंडू उसळवत सर्व्हिसच्या तयारीत उभा होता.

काका तसेच अनवाणी धावले. "थांबा! मारू नका! थांबा!" साठीच्या माणसाचं ते धावणं पाहून गॅलरी पुन्हा हसली. डावखुऱ्यानं चेंडू हातात धरून ठेवला. मुख्य पंच धावत आले, वाकले, गवतावर हात फिरवला. हात ओला झाला.

"काका, हे मघाशी कळलं नाही तुम्हाला?"

हसू थांबलं होतं. काकांना खोटं सुचलंही असतं. आठवडाभर सुचतच होतं.

"नाही कळलं," ते म्हणाले. "दोन महिने झाले साहेब. पायाला काहीच कळत नाही."

पंचांची नजर त्यांच्या पायांकडे गेली. उजव्या पायाच्या अंगठ्याशी ताडपत्रीची एक तुटकी पितळी कडी रुतली होती, रक्त येत होतं. काकांना त्याचा पत्ता नव्हता. पंचांनी खाली बसून ती हलकेच उपसून काढली, स्वतःचा रुमाल पायाला गुंडाळला आणि वर न बघताच म्हणाले,

"बूट घाला, काका."

सव्वीस वर्षांत कोर्टावर त्यांना हे कोणी म्हटलं नव्हतं. काका बाकावर येऊन बसले. बूट चढवला. पाय आत नीट गेला की नाही, ते त्यांनी वाकून, डोळ्यांनी पाहिलं.