चोवीस शहरांचा मालक

फरशीवाले शेठ पांढरे सुती हातमोजे चढवू लागले की त्यांच्या बायकोला तिथून उठून जावंसं वाटे. जन्मभर बाथरूमच्या फरश्या विकलेला माणूस. पण कपाटातला तो खण उघडताना चेहरा असा करी, जणू तान्हं मूल उचलायचंय.

खणात सात घड्याळं. प्रत्येकाच्या तबकडीवर मीनाकारीचा इवलासा नकाशा, निळा समुद्र, सोन्याच्या तारेने आखलेले किनारे. भोवती चोवीस शहरांची नावं. कुठे किती वाजले ते एका नजरेत कळावं, अशी सोय. त्यातल्या एकाही शहरात शेठ कधी गेले नव्हते.

"काचेची पूड असते ही," ते पाहुण्यांना सांगत. "दहादा भट्टीत घालतात. दहाव्यांदा तडा गेला तर सगळी मेहनत पाण्यात."

"आपल्या फरश्याही भट्टीतूनच येतात की," बायको म्हणे. पाहुणे हसत. शेठ हसत नसत.

मुलगा परदेशी जाऊन तीन वर्षं झाली. त्याच्याकडे जायचं म्हटलं की शेठ म्हणत, "घर उघडं टाकून जायचं कसं?" घर म्हणजे तो खण.

त्या दिवशी मुलाच्या मणक्याचं ऑपरेशन होतं. सुनेने बजावलं होतं, "आई, तिकडच्या साडेसातला त्याला आत नेतील. आधी फोन करा, तो वाट बघेल." दुपारपासून बायकोचं कशात लक्ष नव्हतं.

"करू का हो आता?"

शेठनी मोजे चढवले. भिंग डोळ्याला लावलं. "सव्वासहा. झोपू दे पोराला."

"मोबाइलवर बघते ना मी."

"अगं, मोबाइल कुणाच्याही हातात असतो. हे घड्याळ बघ! तास-सव्वा तास आहे अजून."

तिने मोबाइल खाली ठेवला. माणूस मूर्ख असेल, पण एवढं तरी त्याला येत असेल, असं तिला वाटलं. शेठच्या घड्याळात सात वाजले तेव्हा तिने फोन लावला. सुनेने उचलला.

"आई, किती उशीर केलात! अर्धा तास झाला त्याला नेऊन."

तिकडे उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे करतात. यंदा पंधरा दिवसांपूर्वीच केली होती. तबकडीला त्याचा पत्ता नसतो. शेठना मात्र हे पक्कं ठाऊक होतं. पाहुण्यांना ते रंगवून सांगत. पोराच्या वेळी तेवढं आठवलं नाही.

"घड्याळ बरोबरच आहे," शेठ म्हणाले. "त्यांचं सरकारच आचरट."

 चार तास बायको फोन मांडीवर घेऊन बसून राहिली. पाण्याचा घोटही घेतला नाही. शेजारी शेठ बारीक बटण दाबून शहरांचं कडं एकेक घर पुढे सरकवत होते. मध्येच म्हणाले, "बघ, एक शहर पुढे घेतलं की जमतं. साधं आहे."

फोन वाजला. सून रडत हसत होती. सगळं नीट झालं होतं. मग मुलाचा जड, झोपाळू आवाज आला.

"आई, थांबलो होतो गं तुझ्या फोनसाठी. डॉक्टरांनाही थांबवलं थोडं."

तिने पदर तोंडाशी धरला.

"बाबा आहेत का जवळ?"

तिने वर पाहिलं. शेठ भिंगातून तबकडीवरची धूळ शोधत होते.

"नाहीत," ती म्हणाली.